एक गणकयंत्र, अनेक खिडक्या

हावडा आणि मुंबई या दोन महानगरांना नागपूरमार्गे जोडणाऱ्या लोहमार्गावर रायपूर हे स्थानक आहे. नागपुराहून ते सुमारे ३०० किलोमीटर पूर्वेस, तर हावड्याहून सुमारे ८३० किलोमीटर पश्चिमेस पडते. या मार्गाने जाणाऱ्या अनेक लांब पल्ल्याच्या गाड्या रायपुरास येतात त्या वाटेत भरलेल्या स्थितीत. त्यामुळे तेथील उतारूच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न गाडीत जागा किती आहेत हा नसून रायपूरच्या वाट्याला किती जागा ठेवल्या आहेत हा असे. प्रत्येक गाडीची आणि प्रत्येक तारखेची स्वतंत्र वही असे. कारकून वहीतील रकान्यात नाव लिही आणि वाट्याच्या जागा संपल्या की वही मिटे. परतीच्या प्रवासाची जागा हवी असल्यास दुसऱ्या स्थानकास तार करावी लागे. उन्हाळ्याच्या सुटीत नागपूर-पुण्याकडे जाणाऱ्या रायपूरच्या मराठी कुटुंबांना या वहीचा आणि या तारेचा अनुभव चांगलाच होता. एखाद्या स्थानकाच्या वाट्याची शय्या रिकामी जात असली, तरी दुसऱ्या स्थानकावरील कारकुनास ते कळण्याचा सोयीस्कर मार्ग नव्हता.

या वह्यांच्या जागी गणकयंत्र आणण्याचे काम १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झाले. त्यासाठी लागणारी आज्ञावली सी.एम.सी. या सरकारी कंपनीने तयार केली. तिला ‘इम्प्रेस’ असे नाव होते. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही अशी केंद्रे झाली. रायपूरचा प्रदेश त्या काळी दक्षिण-पूर्व रेल्वेत मोडत असे आणि त्या रेल्वेचे मुख्यालय कोलकात्यास होते. केंद्रातील यंत्रे अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या ‘व्हॅक्स’ या घराण्यातील होती. एका यंत्राला असंख्य टर्मिनले, म्हणजे पडदा आणि कळफलक असलेली उपकरणे, तारांनी जोडलेली. प्रत्येक टर्मिनलामागे एक कारकून आणि प्रत्येक कारकुनापुढे एक रांग, अशी ही रचना होती.

आज प्रत्येकाच्या खिशात एक गणकयंत्र असताना शेकडो माणसांनी एकच यंत्र वापरावे ही गोष्ट विद्यार्थ्यांना विचित्र वाटेल. परंतु त्यामागील विचार साधा आहे. कारकून उतारूचा अर्ज वाचतो, गाडीचा क्रमांक टिपतो, ‘खालची शय्या नाही, वरची चालेल काय?’ असे विचारतो. उतारू मागे वळून घरच्यांचे मत घेतो. या साऱ्यात अर्धा मिनिट सहज जातो आणि तेवढा वेळ यंत्राला काही काम नसते. त्याचे प्रत्यक्ष काम सेकंदाच्या अल्पांशात उरकते. सबब एकाचा विचार चालू असता दुसऱ्याचे काम करावे आणि प्रत्येकाला यंत्र आपल्याच दिमतीस आहे असा भास व्हावा, हे सामाईक यंत्राचे तत्त्व होय. मनुष्याच्या संथपणावरच त्याचा सारा हिशेब उभा असतो.

तथापि हा भास किती टर्मिनलांपर्यंत टिकेल? आणि पैसा मर्यादित असेल, तर महाग यंत्र घ्यावे, की स्वस्त यंत्र घेऊन त्यात पुढे भर घालावी? रेल्वेलाच नव्हे, तर त्या दशकात मोटोरोला कंपनीच्या ६८००० या प्रोसेसरावर बांधलेली देशी सामाईक यंत्रे विकत घेणाऱ्या पेढ्यांना आणि महाविद्यालयांनाही हाच प्रश्न पडत होता.

वेग मोजण्याची अडचण

व्हॅक्स घराण्यातील पहिले यंत्र, व्हॅक्स-११/७८०, १९७७ मध्ये बाहेर आले. १९८० मध्ये त्याचे स्वस्त भावंड ११/७५० आले आणि १९८२ मध्ये त्याहूनही स्वस्त ११/७३०. तिन्ही यंत्रांना एकच आज्ञावली चालत असे. फरक होता तो वेगाचा. ७८० चा वेग १ धरला, तर ७५० चा सुमारे ०.६ आणि ७३० चा सुमारे ०.३ पडे. १९८५ मध्ये मायक्रोव्हॅक्स-२ निघाले. ७८० चा प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष गणित व निवड करणारा भाग, कपाटभर मंडलांचा बनलेला होता. मायक्रोव्हॅक्स-२ मध्ये तो एका सिलिकॉनच्या चिपेवर मावला आणि त्याचा वेग ०.९ च्या आसपास राहिला. आठ वर्षांत कपाटाचे नखाएवढे तुकडे व्हावे आणि काम जवळजवळ तेवढेच निघावे, ही प्रगती थोडी नव्हे.

७८० या यंत्रास बाजारात ‘सेकंदाला दहा लक्ष आज्ञा करणारे यंत्र’ म्हणत. या बिरुदाचा इतिहास मनोरंजक आहे. आय.बी.एम. कंपनीचे ३७०/१५८ हे यंत्र दहा लक्ष आज्ञांचे म्हणून ओळखले जाई. ७८० त्याच्याइतकेच काम करते असे आढळले, म्हणून तेही दहा लक्षांचे ठरले. १९८४ मध्ये जोएल एमर आणि डग्लस क्लार्क या डिजिटल कंपनीतील अभियंत्यांनी प्रत्यक्ष मोजणी प्रसिद्ध केली. यंत्राचा एक ठोका २०० अब्जांश सेकंदांचा होता आणि सरासरी एका आज्ञेस १०.६ ठोके लागत होते. गुणाकार केला, तर सेकंदाला सुमारे ४ लक्ष ७० हजार आज्ञा होतात; म्हणजे बिरुदाच्या निम्म्याहूनही कमी!

यात कोणी लबाडी केली असे मात्र नव्हे. व्हॅक्सची एकेक आज्ञा मोठी होती. अक्षरांची संपूर्ण ओळ एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे हेही काम ते यंत्र एका आज्ञेत करी. छत्तीसगड हा धानाचा मुलूख आहे. तेथील बाजारात बैलगाडीने दिवसात दहा फेऱ्या केल्या आणि हातगाडीने तीस केल्या, तर फेऱ्यांच्या आकड्यावरून धान किती हलले ते समजत नाही. एका फेरीत किती पोती होती हे विचारावे लागते. निरनिराळ्या घराण्यांतील यंत्रांच्या आज्ञांची संख्या ताडून पाहणे हा फेऱ्या मोजण्याचाच प्रकार आहे.

म्हणून ठराविक काम नेमून ते किती वेळात होते हे पाहण्याच्या कसोट्या निघाल्या. ब्रिटनमध्ये १९७२ साली तयार झालेली ‘व्हेटस्टोन’ कसोटी शास्त्रीय गणितासाठी होती. १९८४ मध्ये राइनहोल्ड वायकर यांनी व्यवहारातील सामान्य आज्ञावलींच्या धर्तीवर कसोटी रचली आणि व्हेटस्टोनवर कोटी करून तिला ‘ड्राइस्टोन’ असे नाव दिले. पहिल्या शब्दाचा आरंभ इंग्रजीत ‘ओले’ असा ऐकू येतो, म्हणून ही ‘कोरडी’. ७८० हे यंत्र ही कसोटी सेकंदाला १७५७ वेळा पार करी, आणि पुढे कित्येक वर्षे नव्या यंत्राचा आकडा १७५७ ने भागून त्याची योग्यता सांगण्याची रीत पडली. परंतु कसोटी लहान, आणि तिची भाषांतरक आज्ञावली चतुर. कसोटीतील निरुपयोगी भाग ओळखून तो वगळण्याची युक्ती भाषांतरकांना साधली आणि आकडे फुगू लागले. शिवाय या दोन्ही कसोट्यांत एक मूलभूत उणीव होती. त्या यंत्राला एकांतात गाठीत. तिकिटाच्या खिडकीवरील यंत्राला एकांत कधीच लाभत नाही.

रांगेचे गणित

अनेकांसाठी असलेल्या यंत्राची खरी परीक्षा रांगेत होते. एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे समजुतीसाठी योजलेले आहेत. परंतु त्यांचे परस्परसंबंध कोणत्याही यंत्रास लागू पडतात.

समजा, कारकुनाच्या एका विचारणेस ७८० यंत्राचा ०.१५ सेकंद वेळ लागतो आणि उत्तर मिळाल्यापासून पुढील विचारणा करीपर्यंत कारकुनाचे ३० सेकंद जातात. टर्मिनले ५० असतील, तर यंत्र आपल्या वेळेचा एकचतुर्थांश भाग कामात असेल. येणारी विचारणा बहुधा यंत्र मोकळे असताना येईल आणि रांगेसह सरासरी ०.२ सेकंदात उत्तर मिळेल. टर्मिनले १०० केली, तर यंत्र अर्धा वेळ गुंतेल आणि उत्तरास ०.३ सेकंद लागेल. येथपर्यंत कोणाच्या काही लक्षातही येणार नाही. पण १६० टर्मिनलांवर ०.७५ सेकंद, १८० वर दीड सेकंद आणि १९० वर सुमारे ३ सेकंद, असा प्रतिसादाचा काळ चढू लागतो. सुमारे २०० टर्मिनलांपाशी यंत्राला क्षणाचीही उसंत राहत नाही. त्यापुढे प्रत्येक नवी खिडकी म्हणजे इतर सर्वांच्या रांगेत पडलेली भर होय. टर्मिनले ३०० झाली, तर प्रत्येक विचारणेस १५ सेकंद थांबावे लागेल.

हेच काम स्वस्त ७५० यंत्रावर दिले, तर ०.१५ च्या जागी ०.२५ सेकंद लागतील. आता पाहण्याजोगी गोष्ट अशी की, ५० टर्मिनलांवर उत्तर ०.२ ऐवजी सुमारे ०.४३ सेकंदात येते. आकड्यांत हा दुपटीहून अधिक फरक आहे. पण खिडकीपुढील उतारूला तो जाणवणारच नाही. १०० टर्मिनलांवर मात्र एकीकडे ०.३ आणि दुसरीकडे दीड सेकंद असा पाचपट फरक पडतो, आणि १२० च्या आसपास स्वस्त यंत्राची सीमा येते. ‘७५० हे ७८० च्या सहादशांश वेगाचे आहे’ हे विधान खरे असूनही ते खरेदी करणाऱ्याच्या फारसे उपयोगाचे नाही. एका भारावर ही दोन यंत्रे सारखीच वाटतात आणि दुसऱ्या भारावर त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. म्हणून भार किती, हे विचारल्यावाचून वेगाची तुलना करणे व्यर्थ होय.

भर कोठे घालावी

वरील हिशेबात एक गोष्ट मुद्दाम दूर ठेवली होती. आरक्षणाच्या नोंदी प्रोसेसरात नसतात. त्या चुंबकीय चकतीवर असतात. त्या काळची मोठी चकती मिनिटाला ३६०० वेळा फिरे. हवी ती नोंद वाचण्याच्या दांडीखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ८ सहस्रांश सेकंद लागत. आणि ती दांडी योग्य वर्तुळावर सरकण्यास साधारण ३० सहस्रांश. एकूण ३८. एका विचारणेत नोंदवहीच्या सहा ठिकाणी जावे लागले, तर झाले ०.२३ सेकंद. प्रोसेसराचे काम ०.१५ सेकंदाचेच होते! म्हणजे एकच चकती असेल, तर ती सुमारे १३० टर्मिनलांवर दमते. महागड्या ७८० ची २०० टर्मिनलांची शक्ती कधी हाती लागतच नाही. स्वस्त यंत्राची सीमा १२० होती. दोन यंत्रांच्या किमतीतील सारा फरक मोजून पदरात पडल्या त्या जेमतेम दहा खिडक्या.

याउलट ७८० यंत्रालाच दुसरी चकती जोडून नोंदी दोहोंवर सारख्या वाटल्या, तर १३० ची सीमा एकदम २०० वर जाते. ७५० यंत्राला तीच दुसरी चकती जोडली, तर सीमा हलत नाही. कारण तेथे अगोदर दमणारा घटक प्रोसेसर आहे. एकच सुधारणा, त्याच किमतीची, एका यंत्रावर अमोल आणि दुसऱ्यावर जवळजवळ निष्फळ. नळाला पाणी कमी येते म्हणून रुंद नळ बसवणाऱ्याने तो नळ कोठे चेपला आहे ते अगोदर पाहावयास हवे.

तिसरा घटक स्मृतीचा. कारकुनाच्या मेजावर ज्या वह्या मावतात त्या चटकन उघडता येतात. बाकीच्या दप्तरखान्यातून आणाव्या लागतात. यंत्राची अंतर्गत स्मृती हे मेज आणि चकती हा दप्तरखाना. व्हॅक्स यंत्र स्मृतीची वाटणी ५१२ अक्षरांच्या पानांनी करी आणि मेजावर जागा नसेल, तर एक पान परत पाठवून दुसरे मागवी. वापरणारे फार आणि स्मृती थोडी असली, म्हणजे विलक्षण अवस्था होते: एकाचे पान आणण्यासाठी दुसऱ्याचे पाठवावे, लगेच दुसऱ्याला तेच हवे व्हावे, आणि यंत्राचा सारा वेळ या ने-आणीतच जावा. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेचे कारण उलगडून दाखवले. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की यंत्र फार मंद आहे, आणि तो नव्या प्रोसेसराची मागणी करतो. वस्तुतः प्रोसेसर बहुतेक वेळ हात बांधून बसलेला असतो. अशा वेळी स्मृतीची एक पाटी वाढवली, की यंत्र नवे घेतल्यासारखे चालते. जुन्या यंत्राच्या बाबतीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी सुधारणा बहुधा हीच असे. मात्र सर्वांची पाने मेजावर मावू लागल्यानंतर आणखी स्मृती घालण्यात पैसा व्यर्थ जातो.

हे सारे लक्षात घेणारी कसोटी १९८५ मध्ये पुढे आली. जिम ग्रे यांनी आपले नाव न घालता, अनेक सहकाऱ्यांसह, एका व्यावसायिक नियतकालिकात ती मांडली. काम पेढीतले होते: खातेदाराने पैसे भरले किंवा काढले, त्याची नोंद खात्यात, रोखपालाच्या हिशेबात आणि शाखेच्या हिशेबात करावयाची. सेकंदाला असे व्यवहार किती होतात हे मोजावे. परंतु शंभरांतील पंच्याण्णव व्यवहार एका सेकंदाच्या आत पुरे झाले तरच तो आकडा ग्राह्य धरावा. शिवाय यंत्राच्या किमतीला त्या आकड्याने भागून एका व्यवहारशक्तीची किंमत सांगावी. वेग, प्रतीक्षा आणि पैसा या तिन्ही गोष्टी एका वाक्यात बांधणारी ही पद्धत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या व्यवहार-कसोटी परिषदेने पुढे चालवली. सरासरीवर न थांबता शेवटच्या काही माणसांना किती थांबावे लागले हे विचारणे, हा तिचा खरा गुण म्हटला पाहिजे.

रायपुराची तार

आता पुन्हा रायपूरच्या खिडकीकडे. तेथील कारकुनाचे टर्मिनल आणि शेकडो किलोमीटरांवरील गणकयंत्र यांच्यामध्ये दूरध्वनी खात्याची भाड्याची तार असे. टर्मिनलाच्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे पूर्ण पडद्यास १९२० अक्षरे लागतात. एका अक्षरास तारेवर साधारण १० द्विमान अंक खर्च होतात. तार सेकंदाला १२०० अंक वाहणारी असेल, तर पूर्ण पडदा भरण्यास १६ सेकंद जातील. केंद्रात बसलेल्या तज्ज्ञाने यंत्राचा प्रतिसाद ०.३ वरून ०.१५ सेकंदावर आणला, तरी रायपूरच्या उतारूला मिळणारा लाभ सोळा सेकंदांत पंधरा शतांश! तीच तार ९६०० अंकांची केली, तर सोळाचे दोन सेकंद होतात. आणि पडदा दरवेळी नव्याने न पाठवता बदललेली दोनशे अक्षरेच पाठवली, तर जुन्या मंद तारेवरही काम दोन सेकंदांच्या आत उरकते. या शेवटच्या सुधारणेस आज्ञावली लिहिणाऱ्याच्या परिश्रमापलीकडे काही खर्च नाही.

दूरच्या गावाची आणखी एक चिंता असे. वही फाटली, तर एका गाडीची फाटते. सामाईक यंत्र बंद पडले, तर सर्व खिडक्या एकाच क्षणी मुक्या होतात. म्हणून अशा केंद्रात एकच मोठे यंत्र घेण्यापेक्षा दोन मध्यम यंत्रे घेणे शहाणपणाचे ठरते. डिजिटल कंपनीने १९८३ मध्ये व्हॅक्स यंत्रांचा ‘समूह’ जाहीर केला. त्यात अनेक यंत्रे त्याच चकत्या सामाईक वापरीत. एक थांबले तरी उरलेली काम पुढे चालवीत, आणि भार वाढला तर जुने यंत्र न मोडता शेजारी आणखी एक उभे करता येई. गरजेप्रमाणे खोल्या वाढवीत जाणाऱ्या घरासारखी ही वाढ होती. दोन यंत्रे जोडली म्हणून काम नेमके दुप्पट होते असे मात्र नाही. एकच शय्या दोघांना दिली जाऊ नये यासाठी यंत्रांना एकमेकांस विचारावे लागते, आणि त्या विचारपुशीतही वेळ जातो.

पाच केंद्रांच्या बाबतीत या विचारपुशीचाच अभाव होता. प्रत्येक केंद्र आपापल्या गाड्यांचा हिशेब ठेवी. दुसऱ्या केंद्राच्या ताब्यातील गाडीची जागा हवी असल्यास अडचण पडे. रेल्वेच्या ‘क्रिस’ या माहिती-केंद्राने, ज्याची स्थापना १९८६ मध्ये झाली होती, ‘कॉन्सर्ट’ नावाची नवी आज्ञावली रचली. ती प्रथम सिकंदराबादेस चालू झाली आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली. तेव्हापासून रायपूरच्या खिडकीवर उभे राहून पुण्याहून निघणाऱ्या गाडीची परतीची शय्या त्याच क्षणी मागता येऊ लागली. तार करण्याची गरज उरली नाही.

व्हॅक्स यंत्रांचे उत्पादन २००० मध्ये थांबले. रेल्वेची केंद्रे त्याच कंपनीच्या पुढील ‘अल्फा’ यंत्रांवर आणि नंतर ‘इटॅनियम’ यंत्रांवर गेली. प्रोसेसर प्रत्येक वेळी निराळा होता. परंतु व्यवस्थापनाची मूळ आज्ञावली, जी व्हॅक्ससाठी १९७७ मध्ये लिहिली गेली होती, ती तीच राहिली. रायपूरचा प्रदेश २००३ मध्ये नव्या दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेत गेला. तिचे मुख्यालय बिलासपूर येथे असून नागपूर हाही तिचाच एक विभाग आहे.